सगुण पाडेल्याची सूज

सगुण माडावर चढला की खालच्या वाडीला बातम्या मिळायच्या. कमरेला आकडी, आकडीत कोयता, पावलांत काथ्याची कडी आणि तोंड मोकळं. शेंड्यापाशी पोचला की आधी एक पिकलेला नारळ खाली सोडायचा, तो भाटाच्या राखणदार देवाचा. मग चारी बाजूंना नजर फिरवून ओरडायचा, "गे पल्लवी वयनी, तुझो घोव तिठ्यार उबो आसा! हातात पिशवी नाय, म्हणजे नुस्तां हाडूक इसारलो!" खाली बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पल्लवीचा नवरा बिनमाशाचा घरी पोचेपर्यंत त्याच्यासाठी शिव्या तयार असायच्या.

आजा पाडेली, बाप पाडेली, सगुणही पाडेली. मांद्र्यात दुसऱ्याच्या भाटातले, म्हणजे माडांच्या बागेतले, नारळ पाडून द्यायचे, सुकी चुडतं, झावळ्या उतरवायच्या, माडाचं डोकं साफ करायचं, हे त्यांच्या घरातलं काम. जमिनीवर त्याचं चालणं जरा फेंगडंच होतं. पायांची बोटं आत वळलेली, छातीवरचे केस सालीला घासून गेलेले, आणि हातांच्या आतल्या बाजूची कातडी वहाणेच्या चामड्यासारखी. त्याची बायको सुमंगला म्हणायची, "ह्या माणसाक देवान भुयेसाठी घडवूकच नाय. भुयेर आसलो की हेचा एक काम सरळ होयत तर शपथ."

ते खरंच होतं. रेशनच्या रांगेत सगुण गोंधळायचा, बँकेत घामाघूम व्हायचा, लेकीच्या शाळेत गेला तर बाईंसमोर हात कुठे ठेवावेत ते त्याला कळायचं नाही. माडावर मात्र तो राजा. तिथे त्याला कुणी काही शिकवायला येत नसे.

अलीकडे भाटांचं रूप पालटलं होतं. माडांच्या मधल्या जागेत लाकडी खोल्या उगवल्या, खोल्यांसमोर कापडी झोपाळे आले, झोपाळ्यांत दूरदेशीची माणसं पाय पसरून पडू लागली. प्रवीणनं बापाच्या भाटात असल्याच खोल्या घातल्या होत्या. पाहुण्याच्या टाळक्यात नारळ पडला तर धंदा बुडेल, ही त्याला कायमची धास्ती. म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधी आणि मध्ये मध्ये त्याची हाक यायची, "सगुणदादा, येवन जा रे. माड जड झालेत."

अशाच एका सकाळी सगुण प्रवीणच्या भाटातल्या सगळ्यांत उंच माडावर होता. नारळांची एक पेंड उतरवून झाली होती. मोप्याच्या विमानतळावर उतरणारं विमान समुद्रावरून वळसा घेऊन डोक्यावरून गेलं. रोजच जायचं. सगुणनं मान वर करून ते पाहिलंसुद्धा नाही. आणि मग, काही कारण नसताना, त्याचे तळवे गार पडले.

पुढचं सगळं फार लवकर झालं. छातीत कुणीतरी आतून दार बडवावं तसे ठोके पडायला लागले. श्वास घशाशी अडकला. बोटांना मुंग्या आल्या, तोंडाला तांब्याच्या भांड्याची चव आली, समुद्र आणि आभाळ आपापल्या जागा सोडून हलले. आणि सगुणला कळलं की आपण आता मरतो आहोत. तो विचार नव्हता, अंदाज नव्हता. ती पक्की बातमी होती, पल्लवीच्या नवऱ्याच्या रिकाम्या हातांसारखी, स्पष्ट दिसणारी.

त्यानं कोयता सोडून दिला. दोन्ही हातांनी माडाला घट्ट मिठी मारली, डोळे मिटले आणि तोंडातून लहान पोरासारखा आवाज काढत तो तिथेच राहिला.

खाली गर्दी जमली. प्रवीण ओरडत होता, "दादा, काय झालां? मुंगळे लागले काय?" शिडी आणली, ती अर्ध्यावरही पोचेना. झोपाळ्यातले पाहुणे उठून आले. कुणी हळहळलं, पुष्कळांनी मोबाइल वर धरले. बऱ्याच वेळानं ते वादळ आपसूक ओसरलं. सगुण घसरत खाली आला. छाती सोलवटली होती, पँट ओली होती. प्रवीणनं त्याला पाणी पाजलं आणि चादर गुंडाळून मागच्या वाटेनं घरी पाठवलं.

पण मोबाइल वर धरलेल्यांपैकी कुणीतरी ते टिपून पुढे पाठवलंच. संध्याकाळपर्यंत माडाला मिठी मारून हुंदके देणारा सगुण पेडणे तालुक्यात घरोघरी पोचला. कुणीतरी त्याला विनोदी गाणं जोडलं होतं.

तिठ्यावरच्या दारूच्या दुकानात दुसऱ्याच दिवशी स्वागत झालं.

"ये रे सगुण! विमानाक भियलंस काय?"

"विमानाक कसो भियात? सुमंगलान घरातसून भायर काडलान, म्हणान माडाक मिठी मारल्यान!"

"पाडेली आनी भिवकुरो! मासो आनी पाण्याक भिता, तसां झालां मरे ह्या!"

सगुण हसला. हसणं भाग होतं. पण भिवकुरो हा शब्द त्याच्या अंगाला गोचिडीसारखा चिकटला. भित्रा सुतार चालेल, भित्रा मास्तर चालेल. भित्रा पाडेली म्हणजे काय? काहीच नाही. तसला माणूसच नसतो.

मग ते परत आलं. म्हापशाच्या बसमध्ये आलं, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याशी वस्तरा असताना आलं, एका काजारात, लग्नाच्या पंगतीत पहिल्या घासाला आलं. त्याला यायला माडच लागतो असं राहिलं नाही. बसल्याबसल्या यायचं. आणि आलं नाही तरी ते येईल की काय याची वाट पाहण्यात दिवस जायचा. सगुण दाराजवळची जागा पाहून बसू लागला. माडावर चढायचं नाव त्यानं टाकलं. कुणी बोलवायला आलं तर खांदा दुखतो म्हणायचा.

त्याला एकच गोष्ट हवी होती. हा आजार आहे, भय नव्हे, असं कुणीतरी मोठ्यानं, चारचौघांत सांगावं. मग बरा होऊन तो परत वर जाणार होता.

पहिल्यांदा हृदयाच्या डॉक्टरनं निराशा केली. छातीला वायरी लावल्या, पट्ट्यावर पळवलं, आणि डॉक्टर हसत म्हणाला, "सगुणबाब, रेड्याचं काळीज आहे तुमचं! काही झालेलं नाही." सुमंगलानं हात जोडले. सगुणचं तोंड पडलं. काही झालेलं नाही, तर मग काय झालंय?

मग देवळात कौल लावला. भटजीनं मूर्तीला फुलांच्या कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी पडली. बाहेरची बाधा नाही, कुणाचं काही लागलेलं नाही. गावकऱ्यांनी हुश्श केलं. देवळाच्या पायऱ्या उतरताना सगुण बायकोला म्हणाला, "देवय म्हणता काय नाय. म्हणजे मी भिवकुरोच गो."

"गप रवा हां तुमी," सुमंगला म्हणाली. पण तिनं नाही म्हटलं नाही, हे त्याच्या ध्यानात राहिलं.

हृदयाच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली होती ती मानसिक आजारांच्या विभागाची. सगुण तिकडे जायला महिनाभर तयार नव्हता. शेवटी लेक सेजल, जी साखळीला मावशीकडे राहून कॉलेज करत होती, ती सुट्टी काढून आली आणि हाताला धरून बापाला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

तिथे त्यांना डॉक्टर ऋतिका भेटली. डिचोलीची मुलगी, अजून शिकत होती, बोलायला गोड. तिनं सगुणचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. म्हणाली, "याला पॅनिकचा आजार म्हणतात. जिवाला धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. तुम्ही भित्रे आहात म्हणून नाही. घंटाच बिघडलीय. गोळी देते, रोज घ्यायची. गुण यायला वेळ लागतो. मध्येच सोडायची नाही."

सगुणनं मान डोलावली. गोळी कसली विचारलं. डोक्याची, असं कळल्यावर मान डोलायची थांबली.

ऋतिकाचा एक अभ्यासही चालू होता. पॅनिकचा आजार असलेल्या पुष्कळ माणसांचं रक्त तपासायचं, तसला आजार नसलेल्यांचंही तपासायचं, आणि शरीराची रोगाशी लढणारी जी यंत्रणा असते तिच्या खुणा कुणाच्या रक्तात जास्त दिसतात ते पाहायचं. सगुणनं रक्त दिलं. पुढच्या खेपेला त्यानं विचारलं, "दोतोरीणबाय, माज्या रगतात काय गावलां?"

ऋतिकानं कागद पाहिला. सीआरपी नावाचा आकडा हवा त्यापेक्षा जरा वर होता. या साध्या माणसाला हे कळावं म्हणून सोपा शब्द शोधून ती म्हणाली, "किंचित सूज दाखवतंय."

सगुण ताठ बसला. "सूज?"

"म्हणजे आपला हात सुजतो तशी नव्हे. रक्तातली खूण असते एक. तुम्ही विडी ओढता, त्यानंही वाढते. दात किडला तरी वाढते. पुष्कळ माणसांचे आकडे एकत्र मांडले तर कुठे काही कळलं तर कळेल. एकट्या तुमच्या कागदावरून काहीच ठरत नाही. गोळी तेवढी चुकवू नका."

ती आणखीही बोलत होती. सगुणचे कान पहिल्याच शब्दाशी थांबले होते. बसमध्ये बसल्यावर तो सेजलला म्हणाला, "आयकलंय मगे बाय? सूज आसा. भितर."

"बाबा, ती म्हणाली तशी सूज नाय ती..."

"रगतात आसा म्हणाली. कागदार आसा. भंय कागदार येता काय?"

घरी सुमंगलानं ऐकलं आणि ती ओट्यावर बसून रडायला लागली. इतके दिवस तिनंही गिळलंच होतं. पदेराकडे पाव घ्यायला गेली की मागून कुजबुज व्हायची. डोळे पुसून ती उठली आणि पावाची पिशवी न घेताच पदेराकडे गेली. "आमच्या ह्यांका भितर सूज आसा. दोतोरान रगत काडून सांगल्यान." रात्रीपर्यंत वाडीभर झालं. दारूच्या दुकानातला आवाजही बदलला. "सूज काय रे? काळजार? मरे, सांगूचा नाय काय आदी?" ज्यानं माशाचं पाण्याला भिणं काढलं होतं, त्यानं सगुणच्या पाठीवर हात ठेवला.

सूज म्हटल्यावर गावाला काम मिळालं. ताप, हगवण यांसाठी लोक डॉक्टरकडे जातात, पण सूज ही घरातली गोष्ट. कुणी निर्गुडीचा पाला आणला, कुणी आंबेहळद उगाळून दिली. छातीवर लेप चढले, वाळले, पोपडे होऊन गळले. पल्लवी वहिनी म्हणाली, "भायल्या सुजेक पालो. भितरली सूज पाल्याक काय भीक घालना नाय. तिका डागच होयो."

सुमंगलाचं माहेर डिचोली तालुक्यात, साखळीच्याही पुढे, खाणीच्या रस्त्यावर. तिथे बाबुराव म्हणून म्हातारा होता. कावीळ झाली, पोटात गाठ आली, पोराचं यकृत वाढलं, की लोक त्याच्याकडे डाग घ्यायला जात. सुमंगलाला लहानपणी काविळीचा डाग त्यानंच दिला होता. तिच्या मनगटावर अजून खूण होती, आणि ती जिवंत होती. तिला आणखी पुरावा नको होता.

सेजल फोनवर ओरडली. "आई, वेड लागलां काय तुका? भाजून सूज जाता? दोतोरीण काय म्हणाली ती मी आयकलंय, तू नाय."

"तू कॉलेजात शिक. तुज्या बापाक चार म्हयने बघतंय मी," सुमंगला म्हणाली आणि फोन ठेवला.

सगुणला विचारायची गरज नव्हती. तो केव्हाच तयार होता. गोळी गिळायची म्हणजे कुणाला न दिसणारं काहीतरी कुणाला न दिसणाऱ्या जागी सोडायचं. डाग दिसतो. डाग घेतलेल्या माणसाला कुणी भिवकुरो म्हणत नाही.

बाबुरावाचं घर तांबड्या धुळीनं माखलेलं होतं. झाडांची पानंसुद्धा तांबडी. म्हाताऱ्यानं सगुणची नाडी पाहिली, पोट दाबलं, कागद उलटा धरून बघितला आणि परत दिला.

"सूज दोन जातीची," तो म्हणाला. "भायली आनी भितरली. भितरली आगीक भिता. दोतोर लोक ती मेजतत, काडूक तेंका येना नाय. खंय धडधडता तुका?"

"छातीत. मागीर हातांक मुंग्ये येतत."

"मग वाट हातातसून काडूची लागतली."

चुलीत सळी लाल झाली. सुमंगलानं तोंड फिरवलं. बाबुरावानं आधी बरगडीखाली एक डाग दिला, मग दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत ओळीनं. मांसाचा वास खोलीभर पसरला. सगुणनं दात आवळले. आवाज काढला नाही. मजा अशी की त्या सगळ्या वेळात त्याचं काळीज शांत होतं, एकदाही बिथरलं नाही. घाम निथळत तो म्हाताऱ्याला म्हणाला, "मामा, कमी पडलो तर आनी एक द्या."

"घट्ट आसा रे घोव तुजो," बाबुराव सुमंगलाला म्हणाला. परत येताना बसमध्ये सगुण तेच वाक्य मनात घोळवत होता.

आठवडा गेला आणि हात पिकले. बरगडीखालचा डाग सुकला, पण हातांतून पिवळं पाणी येऊ लागलं, बोटं फुगली, अंग तापानं फणफणलं. बाबुरावाला फोन केला तर तो म्हणाला, "येवंदे भायर. वायट ता येताच." सगुण बरळायला लागला तेव्हा सुमंगला घाबरली आणि प्रवीणची गाडी मागून त्याला इस्पितळात घेऊन गेली.

जखमा धुतल्या, मेलेलं मांस कापलं, सलाइनमधून औषधं सोडली. तिथल्या रक्तात तोच सीआरपीचा आकडा आभाळाला भिडला होता. ऋतिकाला कळलं तेव्हा ती वॉर्डात धावत आली. पट्ट्यांत गुंडाळलेल्या हातांवर तिची नजर गेली.

"हे कुणी केलं?"

"सूज काडली," सगुण म्हणाला. तापानं ओठ फुटले होते.

"मी सूज म्हटलं..." ती खुर्चीवर बसली. "अहो, मी तुम्हाला कळावं म्हणून तो शब्द वापरला. काढायला तिथे काही नव्हतंच. आता जो आकडा वाढलाय तो या जखमांचा. तुमच्या आजाराचा नाही. माझ्या अभ्यासात आता तुमचं रक्त घेताही येणार नाही."

सुमंगला पदराचं टोक पिळत उभी होती. ऋतिका तिच्याकडे वळली. "गोळी घेतायत ना?"

"घेतत. मीच दितंय."

खरंच देत होती. सुमंगला दोन्ही दारं उघडी ठेवणारी बाई. आणि गोळीनं आपलं काम धरलं होतं. इस्पितळातून घरी आल्यावर छातीतलं ते बडवणं विरळ होत गेलं. आधी कमी वेळा आलं, मग आलं तरी अर्ध्या वाटेवरून परत गेलं. पंगतीत सगुण पोटभर जेवला. बसमधून म्हापशाला जाऊन आला. जखमा भरल्या. हातांवर नवी, गुलाबी, चकाकणारी कातडी आली.

मग सुमंगलानं पेडण्याच्या बाजारातल्या लॅबमध्ये नेऊन त्याचं रक्त आपणहून तपासून घेतलं. सूज कितीशी उरलीय ते तिला बघायचं होतं. आकडा साफ खाली आला होता. कोपऱ्यात छापलं होतं, सर्वसाधारण.

आता सगळी गोष्ट त्यांना आरशासारखी लख्ख दिसली. पहिल्यांदा आकडा थोडा वर, कारण सूज भितर लपून बसलेली. मग डाग दिला तसा आकडा चढला, कारण सूज बाहेर येत होती. मग पू गेला, आकडा गेला. "गळू कसां?" सगुण दारूच्या दुकानात हात पुढे करून दाखवत होता. "पिकता, फुटता, सरता. तशी ही. दोतोरीण बिचारी शिकता अजून. तिका काय म्हायत?" माणसं वाकून त्याचे हात बघत. दोघांनी बाबुरावाचा पत्ता मागून घेतला.

सेजल सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "बाबा, जखम भरली म्हणून आकडो खाली इलो. आनी तुमका बरां वाटता ता गोळयेन. ती सोडू नकात हां."

"बरां बाय," सगुण म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं गोळी घेतली नाही. सूजच गेली, तर डोक्याची गोळी कशाला? सुमंगलानं दोनदा आठवण केली, मग तीही थांबली. तिलाही ते डबीतलं पाकीट घरात नको होतं.

थोडे दिवस तसा झटका आला नाही, पण डोकं हलकं व्हायचं, झोपेत दचकायला व्हायचं, मान फिरवली की कपाळात वीज सळसळल्यासारखं वाटायचं. सगुणनं ते कुणाला सांगितलं नाही.

सीझन तोंडावर आला होता. प्रवीण स्वतः घरी आला. अंगणात उभा राहून म्हणाला, "दादा, दुसरो पाडेली गावता, पन तुका इचारल्याबगर कसो हाडू? होता काय रे तुज्यान? नायतर नाय म्हण, काय वायट नाय."

"कित्या नाय होवचा? उद्या येतंय," सगुण म्हणाला.

सुमंगला त्याच्याबरोबर गेली. पल्लवी वहिनी आली, तिठ्यावरचे दोघेतिघे आले. पाडेली परत चढतोय ही बघायची गोष्ट होती. सगुणनं माडाच्या बुंध्याला हात लावून कपाळाला लावला, कडी पावलांत घातली आणि चढायला लागला. पहिल्या काही हातांत सगळ्यांना कळलं की अंग विसरलं नाही. पाय वर, हात वर, पाय वर. पल्लवी खालून ओरडली, "सगुणभावजी, वयर पावल्यार माज्या घोवाक बघ रे!"

तो हसला. हसताना त्याला आपल्या हातांखाली माड वेगळा लागला. जुनं चामडं राहिलं नव्हतं. नवी कातडी सालीवर प्रत्येक पकडीला सोलत होती, आणि आतून ओल फुटत होती. तो थांबला. खाली बघितलं. सुमंगलाचं तोंड वर वळलेलं, तळहाताएवढं.

आणि तळवे गार पडले.

त्याला लगेच ओळख पटली. नाही, असं तो मनात म्हणाला, तू गेलीस, कागदावरूनसुद्धा गेलीस. छातीतल्या दाराला धक्के बसायला लागले. ऋतिकानं शिकवलं होतं की येऊ द्यायचं, लाट ओसरते, जीव जात नाही. ते आठवायला मान्य करावं लागलं असतं की आलंय ते तेच आहे. सगुणनं दात आवळले आणि वर जायला लागला. वर गेलो की हे खाली राहील. शेंडा फिरला. त्यानं माडाला मिठी मारली, पूर्वीसारखी, सगळ्या जोरानं, पण हात रक्तानं आणि घामानं बुळबुळीत झाले होते. माड त्याच्या मिठीतून वर सरकत गेला.

कमरेचा मणका दबला, मांडीचं हाड मोडलं. वाळू होती म्हणून जीव वाचला, असं सगळे म्हणाले. सळया घालून, प्लास्टर घालून त्याला घरी आणलं आणि पुढच्या खोलीत खिडकीजवळ खाटेवर ठेवलं. परत चढणं नाही, हे डॉक्टरनं सांगायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होतं.

गाव लोटलं. केळी आली, पावाचे उंडे आले, प्रवीणनं दर आठवड्याला माणूस पाठवला. वर काय झालं ते कुणी विचारलं नाही. उत्तर त्यांनीच आणलं होतं. हात निसटला. माडावरून पडणं पाडेल्याच्या घराण्याला नवीन नाही. सगुणचा आजाही पडला होता. दारूच्या दुकानातले खाटेपाशी चपला काढून बसले, मान खाली घालून. त्यांतला एक म्हणाला, "खरो पाडेली तू. सूज बरी जायसर नेट धरलंस आनी परत चडलंस." भिवकुरो हा शब्द त्या घराच्या वळचणीलाही पुन्हा आला नाही.

ऋतिकानं सेजलला फोन करून पाकीट परत सुरू करायला सांगितलं होतं. सेजल ते हातात घेऊन खाटेशी आली.

"कित्याक?" सगुण तिच्यावर खेकसला. "पाय मोडलोहा माजो, माथां नाय मोडूक."

मग तिनं पाकीट कपाटात नेऊन ठेवलं आणि साखळीची बस पकडली.

एका दुपारी सुमंगला मागीलदारी भांडी घासत होती. बाहेर ऊन रणरणत होतं, घरात पंखा फिरत होता. सगुण पाठीवर पडलेला. तळवे गार पडले. ठोके सुरू झाले, श्वास घशाशी आला, छताचे वासे हलायला लागले. त्यानं धरायला काहीतरी शोधलं. खाटेच्या कडा सापडल्या. त्या धरून त्यानं डोळे फाडून वासे बघितले. तोंडातून तो लहान पोराचा आवाज निघाला तशी सुमंगला ओल्या हातांनी धावत आली.

"काय झालां? अवो, काय होता?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. घाम कानांत ओघळत होता. सांगायचा तर हाच क्षण होता, आणि अंगणात कुणाच्या तरी चपला वाजल्या.

"सगुणबाब आसा काय घरात?" बाहेरून हाक आली. दारूच्या दुकानातल्यांचा आवाज होता.

"पाय," सगुण म्हणाला. "पाय दुखता गो."

सुमंगलानं घाईघाईनं दुखण्याची गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, उशी सारली. मग प्लास्टर घातलेल्या पायावरची चादर बाजूला केली, येणाऱ्यांना नीट दिसावा म्हणून, आणि दाराकडे वळून म्हणाली, "येवा, येवा. आज खूप दुखता त्यांका."